मेलेल्या गल्लीची कॉफी

कैरोतल्या मेंदीवाल्यांच्या गल्लीत शेवटची मेंदी कधी विकली गेली हे कुणाला आठवत नव्हतं. कचरा शेवटचा कधी उचलला, हे तर गल्लीतल्या मांजरांच्या आज्यांनाही आठवत नव्हतं. ढीग एवढा वाढला होता की गच्चीवरच्या कबुतरांना त्यावर बसायचं तर वर उडावं लागे. खोटं वाटत असेल तर कबुतरांना विचारा. बायका भरदुपारीही तिथून जाताना भीतीने किल्ल्या हत्यारासारख्या मुठीत धरत, नाहीतर लांबून वळसा घालत.

लोणची विकणाऱ्या हाज्जा तफिदाला मात्र वळसा घालता येत नव्हता. तिच्या घराला दार एकच, आणि ते याच गल्लीत उघडत होतं.

शनिवारी सकाळी त्या दारावर सरकारी कागद चिकटलेला दिसला. तिने तो समोरच्या शेजारणीला, इहसानला, मोठ्याने वाचून दाखवला. "सदर गल्ली मृत आहे. वापर नाही. मंगळवारी पाहणी करून ती मुअल्लिम बयूमी यांस भंगार मोटारी ठेवण्यासाठी देण्यात येईल."

बयूमी म्हणजे भंगाराच्या धंद्यातला मुअल्लिम, उस्ताद; त्याच्या दोन गंजक्या मोटारी आधीच गल्लीच्या तोंडाशी उभ्या होत्या. एकीला टेकून तो स्वतः सूर्यफुलाच्या बिया सोलत होता.

"आणि मी घराबाहेर कुठून पडू रे?"

"मागच्या खिडकीला शिडी लावा की, हाज्जा! व्यायाम होईल."

तफिदाची जीभ तिच्या लिंबांपेक्षा आंबट. पण त्या दिवशी ती कागदावरच्या एका शब्दावर बोट ठेवून इहसानकडे वळली.

"इहसान, मृत म्हणतात ना? मग मयताला खुर्च्या नकोत?"

"कसल्या खुर्च्या, बाई?"

"दुखवट्याच्या. गल्लीतच मांडू, तीन दिवस. फक्त कुराण म्हणायला कुणाला बोलवायचं नाही. माणसांना थापा मारू, अल्लाला नाही."

आता, आमच्याकडे लग्नाचा मांडव पोलीस उखडतील, पण दुखवट्याची खुर्ची हलवायची छाती खुद्द सरकारलाही नाही. आणि भेटायला येणाऱ्यांना उकिरडा तुडवत आणायचं म्हणजे सात पिढ्यांची नाचक्की. पहिली फावडी दुपारी निघाली. संध्याकाळपर्यंत ढिगाखालून चार टायर आणि एक न्हाणीचा टब निघाला, एक दगडी बाक निघाला, आणि सरळ उभा असलेला विजेचा खांब! त्याला दिवा लावला तर तो पेटला, शपथ घेऊन सांगतो.

राहिल्या बयूमीच्या मोटारी.

"मुअल्लिम, तुझ्या आईच्या दुखवट्याला मी तीनही दिवस बसले होते," तफिदा म्हणाली. "तू मयताच्या वाटेत गाड्या उभ्या करणार?"

बयूमीचे कान लाल झाले. त्याने मोटारी स्वतः ढकलत नेल्या.

रविवारी लोक आले, सोमवारी त्याहून जास्त. भिंतींना चुना लागला. बायका किल्ल्या पर्समध्ये टाकून बसू लागल्या, मुली दोरीवरच्या उड्या मारू लागल्या. मंगळवारी इंजिनियर लबीबसाहेब पाहणीचा कागद घेऊन आले, तेव्हा गल्लीत चाळीस माणसं बसली होती. कोण गेलं ते साहेबांना कळेना, पण दुखवट्याची कडू, बिनसाखरेची कॉफी नाकारायची कशी? ते बसले. इहसानने कप पुढे केला.

साहेबांनी एक घोट घेतला आणि ते थबकले.

शेजारीच बसलेल्या बयूमीनेही घोट घेतला आणि तो ताडकन उठला. "साखर! दुखवट्याच्या कॉफीत साखर! अहो साहेब, नाटक आहे हे, सगळं नाटक!"

इहसानने कपाळावर हात मारून घेतला. तीन दिवस गल्लीत हसणं ऐकून बिचारीचा हात आपोआप साखरेच्या डब्याकडे गेला होता. तफिदाच्या डोळ्यांपुढे शिडी दिसली.

मग तिने डोक्यावरची ओढणी सावरली.

"साखर आहेच. का नसावी? मयत उठलं आज सकाळी."

"हाज्जा, कागद सरकारी आहे," साहेब म्हणाले. "थट्टा नको."

"थट्टा तुम्ही केलीत. जितीला मेली लिहिलंत. तरी मेलीच लिहायची असेल तर लिहा. पण खाली आम्हा चाळीस जणांनाही मृत लिहा. मी नावं सांगते. पहिलं माझं, तफिदा अब्दुलमुग्नी. वय अडुसष्ट. दार एकच. आणि या खुर्च्या आम्ही उचलणार नाही. आजही नाही, उद्याही नाही. मेलेल्या बाईला तुम्ही उठवणार कसे ते बघू!"

"दुसरं माझं!" इहसान ओरडली. तिच्यामागे तिसरा उठला, मग चौथी.

साहेबांनी बयूमीकडे पाहिलं, मुलींच्या दोरीकडे पाहिलं, उरलेली कॉफी संपवली. मग पेन काढून 'मृत' वर काट मारली.

"पण जागा रिकामी सोडता येत नाही, हाज्जा. गल्लीची स्थिती काय लिहू?"

आमच्याकडे बेताच्या साखरेच्या कॉफीला म्हणतात मजबूत. तफिदाने साहेबांच्या रिकाम्या कपात डोकावून पाहिलं.

"लिहा," ती म्हणाली, "मजबूत."