गळ्याशी पांढरं

"मावशी, डोकं नीट धर हं. ही किक मारते!" इला म्हणाली.

शरयूने वॉलबीचं डोकं छातीशी घेतलं. वॉलबी म्हणजे कांगारूची धाकटी बहीण. बंद पडलेल्या कुठल्याशा फार्मवरून ही तीन आठवड्यांपूर्वी अमेरिकेतल्या हर्नडन गावाबाहेरच्या या लहानशा प्राणिसंग्रहालयात आली, तीही कागदपत्रांशिवाय. सगळे तिला टॅमार जातीची समजत. खायची मात्र फक्त शरयूच्या हातून.

शरयू नागपूरला अठरा वर्षं प्रसूतिगृहात नर्स होती. इथे नवऱ्याच्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. २००४ साल उजाडेपर्यंत रिकामं घर खायला उठायला लागलं, तेव्हा ती या प्राणिसंग्रहालयात येऊन फुकट राबू लागली. प्राण्यांची डॉक्टर इला अमेरिकेतच जन्मलेली, मराठी घरातली पोर.

इलाने पोटावरची पिशवी अलगद उघडली. आत वालाच्या दाण्याएवढं गुलाबी पिल्लू सडाला चिकटून होतं. डोळे मिटलेले, कातडी इतकी पातळ की आतलं रक्त दिसावं. हजारो बाळंतपणं केलेल्या शरयूच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"अगं बाई! एवढ्याशा जिवाला आत ठेवलं कुणी?"

"नोबडी, मावशी. जन्मल्यावर स्वतःच चढून गेलं."

शरयूच्या डोळ्यांना धार लागली.

"ही टॅमारच ना? फॉर्मवर लिहू?" इलाने विचारलं.

शरयूने वॉलबीच्या तोंडावरून हात फिरवला. गालावर ठळक पांढरी रेघ, गळा पांढरा, मानेपासून पाठीवर काळसर पट्टा. शेजारच्या कुंपणातल्या टॅमारांना असं काही नव्हतं. पार्मा ही वॉलबीची दुसरी जात जगातून नाहीशी झाली असं लोक धरून चालले होते. मग न्यूझीलंडजवळच्या एका बेटावर उपद्रवी म्हणून टॅमार मारताना त्यांच्यातच पार्मा जिवंत सापडल्या. हे इलानेच तिला सांगितलं होतं. पार्मा निघाली, तर ही ओहायोतल्या पार्मांच्या कळपात जाणार, हेही.

"पार्मा आहे गं. आठवडा झाला, मला माहीत आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"नेली असतीत ना तुम्ही." तिने पिशवीतल्या दाण्याएवढ्या पिल्लाकडे पाहिलं. "पण आता हिच्या पोरालाही खोटं नाव लावू?"

शुक्रवारी ओहायोला न्यायला व्हॅन आली. इला पिंजरा उचलायला वाकली.

"राहू दे. मीच नेते. दोन जीव आहेत."

ड्रायव्हर घड्याळ बघत होता. शरयू दोन्ही हातांनी पिंजरा सपाट धरून, जराही हिंदकळू न देता, एकेक पाऊल टाकत चालली.