डाव्या कमरेचं हत्यार

पोलीस ठाण्याच्या मागच्या अंगाला, जिन्याखाली एक बिनखिडकीची खोली होती. तिला सगळे कोठी म्हणत आणि ती सांभाळणाऱ्या हवालदारबाईंना कोठीवाल्या बाई. पिस्तुलं, ढाली, काठ्या सगळं त्यांच्या ताब्यात होतं. पण चार वर्षांपूर्वी ठाण्यात शॉकगन आल्या, तेव्हापासून बाईंचा अर्धा जीव त्या चौदा पिवळ्या हत्यारांत अडकलेला असे.

शॉकगन दिसायला खेळण्यासारखी. चाप ओढला की पुढच्या काडतुसातून दोन बारीक काटे सुटतात, त्यांच्यामागे केसासारख्या तारा, आणि समोरच्याच्या अंगात पाच सेकंद वीज जाते. माणूस ताठ होऊन पडतो. नव्या पोलिसांना बाई पहिल्याच दिवशी सांगत, "हिच्यानं जीव जात नाही असं कोणी म्हणालं तर त्याला माझ्याकडे पाठवा. छातीवर नेम धरला, गच्चीच्या कठड्यावर उभ्या माणसाला मारली, पेट्रोल सांडलंय तिथं मारली, तर काय होतं ते मी त्याला सांगते."

रोज सकाळी शॉकगन हातात देण्याआधी त्या प्रत्येकाकडून तपासणी करून घेत. काडतूस काढून बाजूला ठेवायचं, तोंड वाळूच्या पिंपाकडे करायचं, चाप ओढायचा आणि तडतड आवाज पाच सेकंद सलग येतोय का ते ऐकायचं. आवाज जरा अडखळला, बॅटरी उतरलेली निघाली, काडतुसावरची तारीख उलटून गेली, की ती शॉकगन त्या दिवशी कोठीतच राहायची. बाईंचं चाललं तर त्या टॉर्चलाही दवाखान्यात पाठवतील, असं पोलीस म्हणत. बाईंच्या ते कानावर येई, पण त्या मनावर घेत नसत.

वर्षातून एकदा प्रत्येकाची शॉकगनची परीक्षा व्हायची. ती घेण्याचं प्रशिक्षण ठाण्यात फक्त बाईंनी घेतलं होतं. यंदाच्या यादीत सातवं नाव भाऊजींचं होतं.

भाऊजी म्हणजे बाईंच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्याच ठाण्यात सव्वीस वर्षं हवालदार. भांडण कितीही पेटलेलं असो, भाऊजी दोघांच्या मध्ये खुर्ची टाकून बसत आणि अर्ध्या तासात दोघांना हसवून घरी पाठवत. बाईंना भरतीचा फॉर्म त्यांनीच आणून दिला होता. बाई धावायचा सराव करायच्या तेव्हा भाऊजी सायकलवरून मागे यायचे आणि बाई थांबल्या की घंटी वाजवायचे. त्यामुळे यादी लागल्यावर बाई साहेबांकडे गेल्या होत्या.

"सर, त्यांची परीक्षा दुसऱ्या कोणी घेतली तर बरं. घरचं माणूस आहे."

"दुसरं कोण आहे?" साहेब म्हणाले. "आणि तुम्ही कोणाला सूट द्याल असं मला वाटत नाही."

परीक्षा मागच्या आवारात होती. तोंडी प्रश्नांना भाऊजींनी धडाधड उत्तरं दिली. नेम कुठे धरायचा, तर शक्यतो पाठीवर, समोरून असेल तर छातीच्या खाली. कोणावर वापरायची नाही, तर गरोदर बाई, लहान मूल, म्हातारं माणूस. "आणि बायकोवर," त्यांनी स्वतःच भर घातली, तसे भिंतीशी उभे असलेले सगळे हसले. बाईसुद्धा.

मग खरी परीक्षा. उजव्या कमरेला निळ्या प्लास्टिकचं नकली पिस्तूल, वजनाला अगदी खऱ्यासारखं. डाव्या कमरेला सरावाची शॉकगन. पिस्तूल उजव्या हाताचं, शॉकगन डाव्या हाताची, म्हणजे गडबडीत घोटाळा नको. समोर पैलवान नावाने ओळखला जाणारा जाडजूड शिपाई अंगभर गादीसारखा पोशाख घालून उभा. त्याने दारुड्याचं सोंग घ्यायचं, काठी फिरवत अंगावर यायचं. इतरांनी आरडाओरडा करायचा. पोलिसाने "शॉकगन, शॉकगन" असं दोनदा मोठ्याने ओरडून, म्हणजे सोबत्यांना कळेल असं, मग चाप ओढायचा. आरडाओरड्याची भर यंदा बाईंनीच घातली होती.

पैलवान शिव्या देत पुढे आला. मागून गलका झाला. भाऊजी दोन पावलं मागे सरले आणि खणखणीत आवाजात ओरडले, "शॉकगन, शॉकगन!" आणि चाप ओढला.

टक् असा कोरडा आवाज झाला.

गलका थांबला. भाऊजींना मात्र काय झालं ते कळलंच नव्हतं. ते पैलवानाकडे बघत होते, हा पडत कसा नाही म्हणून.

"हातात काय आहे ते बघा," बाई म्हणाल्या.

भाऊजींनी खाली पाहिलं. उजव्या हातात निळं पिस्तूल होतं.

"अरे," ते एवढंच म्हणाले.

बाईंनी पुन्हा करायला लावलं, या वेळी गलका न करता, सावकाश. ते नीट जमलं. तिसऱ्या वेळी पुन्हा गलका केला, आणि पुन्हा उजवाच हात गेला. या वेळी भाऊजींनी चाप ओढण्याआधी स्वतःच पाहिलं आणि हात खाली टाकला. त्यांच्या कपाळावर घाम होता.

बाकीच्यांना चहाला पाठवून बाई त्यांना कोठीत घेऊन गेल्या.

"आजचं लिहू नकोस," भाऊजी हळू आवाजात म्हणाले. "पुढच्या आठवड्यात परत घे. तब्येत बरी नव्हती म्हण."

"तब्येत बरी नाही का?"

"तसं काही नाही. उगाच एखादा दिवस असतो माणसाचा."

"भाऊजी, तो दिवस रस्त्यावर असता तर?"

"सव्वीस वर्षांत मी एकदाही गोळी झाडलेली नाही. तुला ठाऊक आहे."

"म्हणूनच भीती वाटते," बाई म्हणाल्या.

भाऊजी स्टुलावर बसले. मग म्हणाले, "सायकलवर मागे आलो होतो तुझ्या. ते विसरलीस वाटतं." बोलून झाल्यावर त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं असावं, कारण त्यांनी मान फिरवली.

बाईंनी फॉर्मवर 'अनुत्तीर्ण' असं लिहिलं. नियमाप्रमाणे शॉकगन आणि पिस्तूल दोन्ही जमा करून घेतलं, सही घेतली. पुन्हा उत्तीर्ण होईपर्यंत बाहेरची ड्यूटी बंद, टेलिफोनवर बसायचं. हत्यारं कपाटात ठेवून त्या वळल्या, तोवर भाऊजी निघून गेले होते.

संध्याकाळी ताईचा फोन आला नाही. रोज सातला यायचा. दुसऱ्या दिवशीही आला नाही. तिसऱ्या दिवशी बाईंनीच केला तर ताई म्हणाली, "कामात आहे," आणि ठेवून दिला. बाई घरात एकट्याच राहायच्या, त्यामुळे तो एक फोन नसला की घर खायला उठायचं.

पण त्यांना टोचत होतं ते वेगळंच. मागच्या वर्षीचा फॉर्म त्यांनी काढून पाहिला. भाऊजी उत्तीर्ण, खाली त्यांचीच सही. त्या वर्षी एका दुपारी वीस जणांची परीक्षा उरकली होती. गलका नाही, धावपळ नाही, एकेक जण येतो, शॉकगन काढतो, चाप ओढतो, पुढचा. अशी परीक्षा कोणीही पास झालं असतं. म्हणजे वर्षभर भाऊजी दोन्ही हत्यारं घेऊन रस्त्यावर फिरले ते बाईंच्या सहीच्या भरवशावर. काही घडलं नाही, एवढंच.

रविवारी सकाळी त्या ताईकडे गेल्या. ताईने दार उघडलं आणि काही न बोलता आत गेली. बाईही तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात जाऊन बसल्या.

"सगळ्यांसमोर," ताई पाठमोरीच म्हणाली. "निदान सगळ्यांसमोर तरी नको होतं."

"परीक्षा सगळ्यांचीच सगळ्यांसमोर असते गं."

"झोपत नाहीत ते. म्हणतात, पैलवानाच्या जागी कोणी खरा असता तर."

तेवढ्यात भाऊजी आंघोळ करून आले. मेहुणीला बघून क्षणभर थबकले आणि दोरीवरचा शर्ट घ्यायला वळले. आधी त्यांनी उजव्या हाताने डावा हात उचलून बाहीत घातला, लहान मुलाला घालतात तसा. मग ताई सहज पुढे झाली, मागून शर्ट वर ओढला आणि परत चहाकडे गेली. दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही, इतकं ते अंगवळणी पडलेलं होतं.

"हे कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"काय?" ताई म्हणाली.

"हात."

"होईल सात-आठ महिने. आखडलाय खांदा. तेल लावते मी."

"भाऊजी, डावा हात वर करा बघू."

"आता घरातही परीक्षा?" भाऊजी म्हणाले, पण त्यांनी हात उचलला. तो खांद्याच्याही खाली अडकला.

"आता मागे न्या. कमरेकडे."

हात बरगडीशी पोचला आणि भाऊजींनी दात आवळले. पुढे तो जाईना.

बाई उठून त्यांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. "म्हणजे तो हात तिथवर पोचतच नाही. सावकाश केलंत तेव्हा अंग वाकवून घेतलंत, मी पाहिलं, पण माझ्या लक्षात आलं नाही. घाईत दुखऱ्या हाताचं काम उजव्याने केलं, आणि उजव्याला एकच जागा ठाऊक आहे."

भाऊजींनी एका उजव्या हाताने शर्टाची बटणं लावली. मग म्हणाले, "डॉक्टरांकडे गेलो असतो तर कागदावर आलं असतं. कागदावर आलं की हा म्हातारा झाला, याला बसवा. चार वर्षं राहिलीत माझी. मला रस्त्यावर काम करता येतं, छोटी. तेवढंच येतं."

"आणि मला काय येतं?" बाई म्हणाल्या. "मागच्या वर्षी मी डोळे झाकून सही केली तुमच्या फॉर्मवर. तीही चूकच. मी उद्या साहेबांना लेखी देणार आहे, माझं नाव घालून."

ताई वळली. "तुझ्यावर काही आलं म्हणजे?"

"येऊ दे."

ताईने बाईंपुढे चहाचा कप ठेवला. तिने फक्त दोनच कप भरले होते, भाऊजींचा आणि स्वतःचा; त्यातला स्वतःचा तिने दिला.

साहेबांनी बाईंचा कागद दोनदा वाचला. ओरडले नाहीत. त्यांनी फाइलमध्ये समज दिल्याचा शेरा मारला, तो बाईंनी खाली मान घालून घेतला, आणि मागच्या वर्षी उत्तीर्ण झालेल्यांपैकी ज्यांची यंदा राहिली होती त्या सगळ्यांची परीक्षा लगेच, गलक्यासकट घ्यायला सांगितलं. त्यात आणखी तिघांचा हात चुकीच्या कमरेला गेला. त्यातला एक सव्वीस वर्षांचा, धडधाकट, व्यायामशाळेत जाणारा होता. त्याला धक्का बसला तो सगळ्यात जास्त. त्याला घेऊन बाई रोज अर्धा तास आवारात उभ्या राहत.

भाऊजी डॉक्टरांकडे गेले. खांदा आखडण्याचा आजार, बरा होतो, पण महिने लागतात, असं डॉक्टर म्हणाले. भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा व्यायाम दिला. ताईने भिंतीवर पेन्सिलने खुणा करायला सुरुवात केली. दर आठवड्याला बोटभर, कधी तेवढंही नाही. टेलिफोनवर बसून भाऊजी लोकांची भांडणं तिथूनच मिटवू लागले. गाडी पाठवायच्या आधीच भांडण मिटलं, असं बऱ्याचदा होऊ लागलं. पण दुपारी ते खिडकीशी उभे राहून बाहेर जाणाऱ्या गाड्या बघत, हेही सगळ्यांना दिसत होतं.

पाच महिन्यांनी ते परीक्षेला आले. पैलवान गादीत शिरला. पहिल्या खेपेला गलका झाला आणि भाऊजींचा डावा हात सरळ डाव्या कमरेला गेला, शॉकगन बाहेर आली, तिच्या नेमाचा लाल ठिपका पैलवानाच्या पोटावर स्थिरावला. बाईंचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या खेपेला मात्र भाऊजींनी काहीच काढलं नाही. पैलवान काठी फिरवत आला, तसे ते दोन्ही हात मोकळे दाखवत, अंतर राखत मागे सरत राहिले आणि म्हणाले, "दादा, काठी राहू दे हातात, मी मागत नाही. पण ऊन लागतंय, सावलीत उभं राहून बोलू." पैलवान गोंधळला. त्याने बाईंकडे पाहिलं आणि मग खरंच सावलीत जाऊन उभा राहिला.

फॉर्ममध्ये याला रकाना नव्हता. बाईंनी समासात लिहिलं, 'हत्यार काढण्याची गरज पडली नाही.' मग म्हणाल्या, "छान. आता तीन वेळा काढून दाखवा, म्हणजे मला सही करता येईल."

त्यांनी तिन्ही वेळा बरोबर काढून दाखवलं. बाईंनी सही केली आणि हत्यारं परत दिली. भाऊजी म्हणाले, "थँक्यू, मॅडम." त्यात चेष्टा नव्हती.

पुढच्या महिन्यात पैलवानाची बदली झाली. नव्याने आलेल्या पोलिसांच्या परीक्षेत दारुड्याचं सोंग कोण घेणार, असा प्रश्न आला, तेव्हा भाऊजी आपणहून गादीत शिरले. खरे दारुडे त्यांनी आयुष्यभर पाहिले होते. त्यांनी असा काही हैदोस घातला की नव्या पोरींपैकी एकीला हसू आवरेना आणि दुसरीला खरंच घाम फुटला. परीक्षा चांगली झाली.

संध्याकाळी सातला ताईचा फोन आला.

"काय केलंस गं यांना? घसा बसलाय. एक शब्द फुटत नाहीये."

"दुपारभर ओरडत होते. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला सांग."

"सांगते दोन दिवसांनी," ताई म्हणाली. "घरात एवढी शांतता लग्नापासून पहिल्यांदाच आहे. ही परीक्षा दर महिन्याला नाही का ठेवता येत?"