वाघळाचा रस्सा

भाग्यश्रीने पिशवीतून कागद काढला, तसं इसरूने तिला अंगणाबाहेरच्या मोहाच्या झाडाखालीच थांबवलं.

“बाई, आधी मले सांगा. मंग सुकरीले.”

गेल्या जूनमध्ये त्याची सहा वर्षांची मुलगी प्रिया एका दिवसाच्या तापात, झटके येऊन गेली. त्याआधी आठवडाभर ती खोकत होती, म्हणून इसरूने त्याचा बाप करायचा तसा वटवाघूळ मारून रस्सा पाजला होता. ‘तूच मारलं पोरीले,’ एवढं बोलून त्याची बायको सुकरी जी गप्प झाली ती झालीच. आठ महिने ती नवऱ्यापुढे भाताची थाळी ठेवायची आणि उठून जायची.

भाग्यश्री चामोर्शीची, प्रयोगशाळेत कामाला. गावच्या वटवाघळांचे नमुने तिनेच नेले होते. दवाखान्यात घेतलेलं प्रियाचं रक्तही तिथेच होतं. दोन्हींत सापडलेल्या विषाणूंची जनुकं ताडून पाहायची होती. निकाल टपालानेही पाठवता आला असता. पण असली चांगली बातमी तिच्या हाती रोज येत नसे, म्हणून ती एस.टी.ची धूळ खात स्वतः आली होती.

“जुळत नाई, भाऊ. वाघळाचा विषाणू येगळा, प्रियाचा येगळा. तुमच्या रस्स्यानं काईच झालं नाई.”

इसरू मटकन खाली बसला. डोळे पुसायचंही त्याला सुचलं नाही.

“मंग पोरगी कायनं गेली?”

“वाळूमाशी चावली असंल. तिच्या चाव्यातूनच हा विषाणू येते. बारकी माशी राह्यते, भिंतीच्या भेगांत. भिंती लिपून ठेवा लागते.”

इसरूने घराकडे पाहिलं. भिंती लिपायचं काम सुकरीचं. गेल्या मे महिन्यात ती तेंदूपानं तोडायला जात होती, आणि लिपण राहून गेलं होतं. प्रिया त्याच भिंतीला लागून निजायची.

तो उठला. “चला.”

सुकरी दारात धान पाखडत होती. तिने सूप थांबवलं आणि नवऱ्याकडे न बघता भाग्यश्रीला विचारलं, “काय निंगालं?”

“वाघूळच निंगालं,” इसरू मध्येच म्हणाला. “तू म्हणे तेच खरं.”

भाग्यश्रीने तोंड उघडलं. इसरू तिच्याकडे एकटक बघत होता. हात तेवढे जोडले नव्हते. तिला रडू आलं. तिने कागदाची घडी घातली.

“हो,” ती म्हणाली.

सुकरी खाली मान घालून पुन्हा पाखडू लागली. इसरूने फावडं आणि घमेलं उचललं.

“कायले?” सुकरीने विचारलं. आठ महिन्यांत ती त्याच्याशी पहिल्यांदाच बोलत होती.

“माती आनतो. भेगा लय झाल्या भिंतीले.”

“माह्यं काम हाये ते.”

“आता माह्यं,” तो म्हणाला, आणि मागे न बघता तळ्याकडे चालू लागला.