पंडुमाआधीचा आंबा

नोराबाई आयर्लंडची. पेनटोला गावात आयर्लंड कुठी हाय ते कोणाले ठाऊक नव्हतं. तिनं काडीनं जमिनीवर नकाशा काढून दाखवला, तवा मंगरू गायता म्हणे, "एवढ्या दुरून, अन् बिनपगारी? घरच्याइनं हाकललं काय?" सारे हासले. नोराबाई बी हासली. पण लागलं तिले. नवरा सोडून गेलेला, नोकरी सुटलेली. हाकलाले बी घरी कोणी उरलं नव्हतं.

एका संस्थेनं तिले वर्षभरासाठी पाठवलं होतं, इंग्रजी शिकवाले. एटापल्लीच्या पलीकडं, जंगलात तीस घरांचं गाव. धुरपताच्या घरी एक खोली, बांबूच्या ताटव्यामांगं आंघोळ, सकाळी आंबील, मंग गोटुलाच्या, म्हंजे गावाच्या सामाईक घराच्या, ओसरीत फळा. फोनले टावर फक्त तलावाच्या पाळीवर. तिथी उभी राहून ती बहिणीले सांगे का इथी सारं मस्त चालू हाय, अन् फोन ठेवला का पाळीवरच बसून राहे.

मस्त काई नव्हतं. पोळ्याले तेवीस पोट्टे होते. मंग काही धान कापाले गेले, काही लाखोळी उपटाले. मोहफुलं पडाले लागले, त उरलेले मायबापासंग जंगलातच मुक्कामी. फुलं सकाळीच नाई वेचले त डुकरं खाऊन जाते. इंग्रजी काई पळून नाई जात. नोराबाई रोज फळा पुसे, अन् समोर एकच पोरगी. करिश्मा, धुरपताची.

पण पोरगी मोठी चलाख. चांद्याच्या एका निवासी शाळेत सहावीले घेत होते असल्या पोट्ट्याइले. लेखी झाली, त्यात पास. आता बुधवारी फक्त तोंडी परीक्षा, इंग्रजीत. तिथी नंबर लागला त बारावीपर्यंत राहाचं-खाचं सारं फुकट. नोराबाईचं वर्षभराचं जे काई होतं, ते या एका पोट्टीवर येऊन टेकलं होतं.

आइतवारी ती एटापल्लीच्या बजारात गेली. तेलंगणातून आंबे आलेले. दोन घेतले. तोंडीत आवडत्या फळाचं विचारतेच. पुस्तकात सफरचंद, पोट्टीनं ते कधी खाल्लं नाई, त काय सांगन? सोमवारी ओसरीत तिनं आंबा कापला.

करिश्मानं हात मांगं घेतला. "मॅडम, अजून पंडुम नाई झाला."

नोराबाईले पंडुम माहीत होता. नवा आंबा पयले देवाले, मंग माणसाले. तोवर गावात कोणी तोंडाले लावत नाई. तिनं वहीत लिहून बी ठेवलं होतं. पण तिले वाटलं, ते गावच्या झाडांचं.

"हा बजारचा आहे," ती म्हणाली. "तुमच्या झाडाचा नाई. खा, अन् मले इंग्रजीत सांग कसा लागते."

मॅडम म्हणते म्हणून पोट्टीनं खाल्ला. नोराबाईनं बी खाल्ला. मंग करिश्मा चार वाक्यं अशी बोलली, का घर सोडल्यापासून पयल्यांदा नोराबाईले वाटलं, आपण आलो ते बरं केलं.

संध्याकाळी करिश्मानंच मायले सांगितलं. लपवाचं तिच्या डोक्यातच नाई आलं.

मंगळवारी मंगरू गायता अंगणात येऊन बसला. गावच्या देवाचं सारं तोच पाहे. रागावला नाई. रागावला असता त नोराबाई भांडली तरी असती. तंबाखू मळत म्हणे, "पोरीनं खाल्ला. आता पंडुम होतवर तिनं गावची शीव ओलांडाची नाई."

"कवा आहे पंडुम?"

"शुक्रवारी."

"भाऊ, उद्या तिची परीक्षा आहे! आजच करा. मी जाऊन साऱ्याइले आणते."

"कुठून आणता? अर्धं गाव मोहावर हाय, तीन डोंगरांत. एका बी घरचं मानूस नसन त पंडुम कसा होईन? तुमच्याइकडं घरचेच आले नाई त लगन लावता काय?"

नोराबाई धुरपताकडं वळली. "बाई, तुमी सांगा न. तुमची पोरगी आहे."

धुरपता सुपात तांदूळ पाखडत होती. हात नाई थांबला तिचा. "माही हाय म्हणूनच. उद्या थे गेली, अन् परवा कोणाचं लेकरू तापानं फणफणलं, त सारे माह्या दाराकडं पाहातीन. तुमी त जानार, मॅडम. मले इथीच राहाचं हाय."

"पण चूक माही आहे! मी बी खाल्ला. मले बी थांबवा."

मंगरू हासला, लय मायेनं. "तुमाले कायले? तुमाले नाई लागत हे. तुमी पाहुण्या. जा कुठी जाचं थे."

नऊ महिने ती या घरचं जेवली, तापात धुरपताच्या हातचा काढा प्याली, गोंडीत पाणी मांगाले शिकली. अन् चुकीत बी तिचा वाटा कोणी धरला नाई.

दुपारी तिनं करिश्माले एकटीले गाठलं. "माह्यासंग चाल. रस्त्यानं नाई, नाल्या-नाल्यानं. सारं माह्यावर येऊ दे. मी सांगते न तुले." बोलता बोलता तिलेच समजलं, सोमवारी बी हेच केलं होतं.

करिश्मा पायाच्या अंगठ्याकडं पाहात राह्यली. "मायचं काय होईन, मॅडम?"

बुधवारी पहाटेच्या यष्टीनं नोराबाई एकटीच चांद्याले गेली. शाळेच्या हापिसात पोट्टीचे कागद टेबलावर ठेवले.

बाबू म्हणे, "पोरगी कुठी आहे?"

"गावात. येऊ नाई शकत. फोनवर घ्या. नाई त शनिवारी घ्या."

"शंभर पोट्टे बाहेर बसून हायत, मॅडम. का तुमचंच नाव टाकू सहावीत?" बाकीचे हासले. मंग त्यालेच कसंतरी वाटलं. पाण्याचा गिलास सरकवला. "चहा घ्या. पण हजर नाई त नाव कटते. अन् सहावीनंतर आमी घेत नाई."

चहा नाई घेतला तिनं.

गावात पोचली तवा उन्हं उतरली होती. करिश्मा अंगणात वाळत घातलेला मोहा गोळा करून राह्यली होती. "मॅडम, जेवल्या काय?" म्हणे. परीक्षेचा एक शब्द नाई.

नोराबाई ओट्यावर बसली अन् रडाले लागली. धुरपता दारात आली, पाह्यलं, आत गेली. करिश्मानं टोपली बाजूले ठेवली अन् तिच्यापाशी येऊन बसली.

"तुमी नोका रडू. तुमचं काई नाई बिघडलं. तुमी जूनमंधी घरी जासान."

टोमणा नव्हता तो. पोट्टी समजूत काढून राह्यली होती. नोराबाईनं मान हालवली, "हाव" म्हटलं. करिश्मा उठली अन् भराभर टोपली भराले लागली. ढोरं घरी याच्या आत सारा मोहा आवराचा होता.