डावरीचं टेबल

ड्रिलचं टोक फरशीत घुसलं तसे दातांच्या डॉक्टरांनी डोळे गच्च मिटून घेतले. आठवडाभर लोकांच्या दाढा कोरणारा माणूस, पण जमिनीला भोक पडताना काही त्यांना बघवेना. टेबलाचा पाय मात्र त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

"मास्तर काय म्हणतील?" ड्रिल थांबल्यावर त्यांनी विचारलं.

"त्यांचं म्हणून झालंय," ती म्हणाली. फुंकर मारून तिने भोकातली धूळ उडवली आणि बोल्ट आत सोडला. "आता मी काय म्हणते ते त्यांनी बघायचं."

"अहो, पण फरशीला भोकं पाडायची म्हणजे कुणाला तरी विचारायला हवं होतं."

"शेडचं भाडं सगळे सारखंच भरतो ना? मग माझ्या वाटणीच्या फरशीला पाडलीत मी भोकं. तुमच्या फरशीला हात लावला का?"

या हिशेबात कुठेतरी गोम आहे असं डॉक्टरांना वाटलं, पण ती नेमकी कुठे ते सापडेना. त्यांनी मुकाट्याने पाना पुढे केला. तिने तो डाव्या हातात घेतला आणि सगळा जोर लावून नट आवळला.

बंद पडलेल्या छापखान्यामागे ही पत्र्याची शेड होती. दर रविवारी तिथे जमणाऱ्यांपैकी एकाचंही पोट लाकडावर नव्हतं. दातांचे डॉक्टर होते, बँकेतले दोघं होते, केक करून विकणारी एक मुलगी होती आणि ही, इस्पितळाच्या प्रयोगशाळेत लोकांच्या दंडाला पट्टा बांधून रक्त काढणारी. घरात कुणी विचारत नाही म्हणून येतो, असं बँकवाले म्हणायचे. खरं तर सगळेच आठवडाभर रविवारकडे डोळे लावून बसलेले असत.

मास्तरही शाळेतले मास्तर नव्हते. सगळी नोकरी त्यांनी विमा कंपनीत काढली होती. पण शेडमध्ये पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाच्या हातात त्यांनी रंधा दिला, पातं कसं लावायचं ते दहादा न कंटाळता दाखवलं, आणि त्यामुळे ते सगळ्यांचे मास्तर झाले. शिकवताना त्यांनी कधी हातचं राखलं नाही. तिच्या पहिल्या रंध्याचं पातं त्यांनीच घासून दिलं होतं, आणि म्हणूनच हे भांडण तिच्या जिवाला जास्त लागलं होतं.

शेडमधली सगळी टेबलं एका रांगेत होती. लाकूड आवळून धरणारा शिकंजा डावीकडे, फळी टेकवायची खुंटी डावीकडच्या टोकाला. सगळे रंधे उजवीकडून डावीकडे चालायचे. मास्तरांना ते बघायला फार आवडे. एका तालात काम चाललं की ते मागे हात बांधून रांगेतून चक्कर मारत, आणि कुणाचं कोपर वाकडं दिसलं की बोटाने सरळ करत.

तिचं सगळंच वाकडं दिसायचं. उजव्या हाताने ढकललेला रंधा मध्येच अडखळायचा आणि फळीचं मांस ओरबाडून काढायचा. बाकीचे मास्तरांच्या शेजारी उभे राहून शिकत, तिला मात्र समोर उभं राहिलं तरच कळे. समोर गेलं की त्यांच्या कामावर सावली पडे.

"ताई, उजेड सोडा," मास्तर म्हणत. ती बाजूला होई, आणि पुन्हा काही कळेनासं होई.

घरी ती मोबाइलवर परक्या सुतारांचे व्हिडिओ बघत बसायची. तिथेही कॅमेरा सुताराच्या पाठीमागे, म्हणजे तीच रड. एकदा लेकीने गंमत म्हणून व्हिडिओ आरशातल्यासारखा फिरवून दाखवला. सुताराच्या शर्टाच्या पाठीवरची अक्षरं उलटी झाली, त्याच्या समोरच्या भिंतीवरचं घड्याळ उलटं धावायला लागलं. पण त्याचे हात मात्र थेट तिच्या हातांसारखे चालू लागले. ती उठून उभी राहिली.

"आई, तू हवेत रंधा मारतेयस," लेक म्हणाली.

"मारू दे. तू तो बंद करू नकोस."

जुन्या दारांच्या लाकडाचं टेबल तिने स्वतः केलं. शिकंजा उजवीकडे, खुंटी उजवीकडे. शेडमध्ये आणून ठेवलं तेव्हा बँकवाल्यांनी हसून घेतलं आणि तिला डावरी, म्हणजे डावखुरी, म्हणायला सुरुवात केली. तिने ते नाव उचललं आणि लेकीकडून व्हिडिओंचं चॅनेल काढून घेऊन त्यालाच देऊन टाकलं. डावरीचं टेबल. पहिल्या व्हिडिओखाली पहिलं मत आलं ते मास्तरांचं. 'चित्रीकरण उलटं चढवलं गेलं आहे. कृपया दुरुस्त करावं.'

तिने उत्तर दिलं, 'चित्रीकरण सरळ आहे. उलटी मी आहे.'

त्यानंतर कुठून कुठून माणसं आली. एकाने लिहिलं, मला वाटायचं माझ्या हातातच कला नाही. एका आजोबांनी नुसताच आपल्या डाव्या हाताचा फोटो टाकला. शहरातली बस चालवणाऱ्या एका बाईने लिहिलं, 'करवत माळ्यावर फेकून दिली होती, आज खाली काढली. तुमच्या टेबलावर एकदा हात मारून बघू का?' तिने लिहिलं, 'रविवारी या.'

आणि त्याच आठवड्यात ग्रुपवर मास्तरांचा निरोप आला. सर्वांचं काम एका दिशेने चालावं, समोरासमोर रंधे येऊन कोपराला कोपर लागतं, तरी उलटं टेबल सरळ करून घ्यावं अथवा रविवारपर्यंत बाहेर काढावं. खाली धडाधड अंगठे उमटले. डॉक्टरांनी तेवढे हात जोडले, ज्याचा अर्थ ज्याने त्याने हवा तसा घ्यावा.

तिने सरळ फोन लावला.

"मास्तर, माझ्या टेबलाने तुमचं काय घोडं मारलंय?"

"माझं काही नाही हो. पण हाताला वळण लावलं की लागतं, ताई. सुरुवातीला त्रास होतो, मग आठवतसुद्धा नाही. तुम्ही नेटाने करतच नाही."

"लिहायचा हात वळवलाय माझ्या आईने. पट्ट्या मारून वळवलाय. तो दिला मी. हा नाही द्यायची."

 मग मास्तर म्हणाले, "रविवारपर्यंत," आणि फोन ठेवला.

म्हणून शनिवारी संध्याकाळी फरशीत बोल्ट गेले.

रविवारी मास्तर आले, चप्पल दाराशी काढली, आणि रांगेतून येता येता थांबले. गुडघ्यावर हात टेकून ते खाली वाकले. चारही नटांना त्यांनी बोट लावून बघितलं.

"कुणी केलं हे?"

"मी," ती म्हणाली.

"मी पाय धरला होता," डॉक्टर म्हणाले. आवाज चोरट्यासारखा निघाला, पण निघाला. बँकवाल्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि दोघंही एकदम आपापलं पातं पुसू लागले.

"ताई, हे सोडवा."

"नाही सोडवणार, मास्तर. हलवायचं असेल तर तुम्ही सोडवा. पाना तिथे टांगलाय."

 या माणसाला ती आजवर कधी तोंडावर उलटून बोलली नव्हती. मास्तरांनी पान्याकडे बघितलं, पण तेवढ्यात दारातून कुणीतरी विचारलं, "डावरीचं टेबल इथेच का?"

बसवाली बाई आली होती. अंगात गणवेशाचा शर्ट, काखोटीला वर्तमानपत्रात गुंडाळलेली करवत. सुट्टी मिळाली नव्हती, दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात आली होती. तिला पाहून मास्तरांचा सूर बदलला. दारात आलेल्या माणसाला ते कधी वाकडा शब्द बोलले नव्हते.

"या, बसा," ते म्हणाले. "शिकायचंय ना? मग आधी योग्य रीत बघून घ्या. या टेबलावर काम होत नाही. मी सांगतो म्हणून नाही, डोळ्यांनी बघा."

डावरीने मोबाइल तिकाटण्यावर लावला होता. बाईचं पहिलं सालपट निघताना टिपायचं, असं ठरलं होतं. आता तिने नुसतं चित्रीकरण चालू केलं. होऊन जाऊ दे, तिला वाटलं. काय ते सगळ्या जगासमोर होऊन जाऊ दे.

मास्तरांनी टेबलावर फळी ठेवली, नेहमीसारखे उभे राहिले आणि रंधा उजवीकडून डावीकडे लोटला. त्या टोकाला अडवायला खुंटीच नव्हती. फळी सुळकन पुढे गेली आणि डॉक्टरांच्या पायाशी आदळली.

"बघितलंत?"

"खुंटी इकडे आहे, मास्तर," फळी उचलून उजवीकडच्या खुंटीला टेकवत ती म्हणाली. "फळी इकडे टेकते."

"म्हणजे मी असं उभं राहायचं?" मास्तर गर्रकन उलट्या दिशेला वळले. नाटकातल्या वेंधळ्या नोकरासारखे खांदे पाडून त्यांनी रंधा डाव्या हातात घेतला. बँकवाले हसले. केकवाल्या मुलीलाही हसू आलं. "असं? आणि असं ढकलायचं?"

रंधा पुढे गेला. पातळ सालपट निघालं आणि मध्येच तुटलं.

"तुटलं की नाही?" एक बँकवाला म्हणाला.

 रंधा मागे आणून मास्तरांनी पुन्हा लावला. या खेपेला खांदे पडलेले नव्हते. डावा पाय आपोआप मागे सरकला होता, जिथे तो ठेवायला तिला कितीतरी रविवार लागले होते. रंधा या टोकापासून त्या टोकापर्यंत एका श्वासात गेला. अख्खं सालपट त्यांच्या मुठीवरून वर उसळलं आणि गुंडाळत खाली पडलं.

हसणं थांबलं. मास्तरांच्या ते लक्षातही आलं नाही. त्यांनी तिसऱ्यांदा रंधा मारला, मग चौथ्यांदा. आता ते कुणाला काही दाखवत नव्हते. तोंड जरासं उघडं राहिलं होतं.

"अहो, म्हणजे तुम्हीसुद्धा..." बसवाली बाई बोलू लागली. डावरीने तिच्या मनगटावर हात ठेवला आणि बाई गप्प झाली.

मोबाइल चालूच होता. ग्रुपवर अंगठे उमटवणाऱ्या साऱ्यांची तोंडं बंद करायला आता एवढं पुरलं असतं. व्हिडिओखाली काय काय लिहिलं गेलं असतं तेही तिला दिसत होतं. ती जिंकली असती, आणि भांडायलाच तर ती आली होती. तिने हात लांब करून चित्रीकरण थांबवलं आणि आलं होतं तेवढं पुसून टाकलं.

मग ती टेबलाला वळसा घालून त्यांच्या जवळ गेली. बाकीच्यांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू तिने विचारलं, "मास्तर, या हाताने आधी कधी काम केलं होतं तुम्ही?"

रंधा फळीच्या मध्यावर थांबला. मास्तरांनी मुठीवरच्या डाव्या हाताकडे बघितलं.

"शाळेत जायच्या आधी," ते म्हणाले.