गिटारची मान

धाकटीने गिटार आणून सोफ्यावर ठेवली आणि चहाही न घेता निघून गेली, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. माझी बहीण चहा सोडून जाणाऱ्यातली नाही. पण मी खुशीत होते. पिशवीची चेन उघडली, गिटार मांडीवर घेतली, डावा हात मानेवर नेला आणि माझा अंगठा जणू खड्ड्यात पडला.

तारा ज्या लांब दांड्यावरून जातात त्याला वाजवणारे नेक म्हणतात. मी मान म्हणते. माझ्या गिटारच्या मानेला मागून, जिथे अंगठा टेकतो तिथे, चांगलं भरलेलं पोट होतं. ते गेलं होतं. सपाट.

माझ्या डाव्या अंगठ्याचा सांधा दुखतो. लोकांना वाटतं, दुखऱ्या हाताला बारीक मान बरी. काहीतरीच! मान बारीक झाली की अंगठ्याला चिमटा घट्ट धरावा लागतो. भरल्या मानेवर तो बिचारा नुसता टेकून राहतो. मला हवं होतं ते एवढंच, की बारीक तारांच्या बाजूची कड तर्जनीच्या मुळाशी रुतायची, ती घासून गोल करायची. पोटाला हातही लावायचा नाही. हे मी कारागिराला फोनवर सांगितलं होतं, एकदा सोडून तीनदा.

"ताई, बोलून कळत नाही," तो म्हणाला होता, "हात पाठवा."

"हात कसा पाठवू? तोडून?"

तो हसला. म्हणाला, लाकडाच्या तुकड्याला ओली माती गुंडाळा, गिटार धरता तशी धरा, आणि ठसा उमटला की सुकू द्या. मी तसा साचा केला. माझ्या रुमालात बांधला, तार बांधताना मारते तशी गाठ मारली, टोक आत खोचलं, आणि गिटारबरोबर धाकटीच्या हाती दिला. दुकान तिच्या ऑफिसच्या वाटेवर पडतं.

आम्ही दोघी बहिणी कार्यक्रम करतो. ती गाते, मी वाजवते. शाळेत असल्यापासून. लोक तिच्यासाठी येतात हे मला ठाऊक आहे आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. ती उजेडात उभी, मी बाजूला स्टुलावर. मी चुकून गुणगुणले तर ती डोळे वटारते, "ताई, तू फक्त वाजव." शनिवारी मोठ्या सभागृहात आमचा पहिला कार्यक्रम होता. त्यासाठीच तर हा सगळा खटाटोप.

मी धाकटीला फोन लावला. "अगं, हे काय करून आणलंस?"

"का, काय झालं?"

"पोट घासून टाकलंय. अंगठा राहतच नाही."

"त्या माणसाने घोळ घातला असेल. धांदरटच आहे तो." आणि लगेच पुढे, "आता शनिवारचं कसं करायचं? तुझ्या शेंगेला विचारू का?"

शेंग माझी विद्यार्थिनी. बोटं अशी लांबसडक, की पहिल्याच दिवशी मी तिचं हे नाव ठेवलं. गुणी पोर. वाजवता वाजवता गात बसते, तेही सुरात, आणि मला ओरडावं लागतं, "तोंड बंद, बोटं चालू!"

"कुणाला काही विचारू नकोस," मी म्हटलं, "मी त्या माणसाकडे बघते."

मी तणतणतच दुकानात शिरले. अरुंद खोली, भिंतीवर उलट्या टांगलेल्या गिटारी, कारागिराच्या भुवयांवरसुद्धा लाकडाचा भुसा. मी त्याला नको नको ते बोलले. डोळे आहेत की बटणं, इथपर्यंत गेले. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं, हात फडक्याला पुसले आणि फळीवरून मातीचा साचा काढून माझ्यापुढे धरला.

"हा हात कुणाचा, ओळखता?"

चार लांब खाचा, आणि मागे अंगठा टेकलेला नाही, वरून आकड्यासारखा बाहेर आलेला. तो अंगठा मी शिकवताना अख्खं वर्ष खाली ढकलत होते. "वर काढू नकोस, मागे ठेव," किती वेळा सांगितलं असेल! अक्षर ओळखावं तसा मी तो हात ओळखला.

"या हाताची मुलगी इथेच स्टुलावर बसली होती," कारागीर म्हणाला. "तुमची बहीण सोबत होती. मी दोनदा विचारलं त्यांना, की फोनवर ताई तर पोट ठेवा म्हणाल्या होत्या. तर त्या म्हणाल्या, ताईंनी वाजवणं सोडलं, गिटार हिला दिली."

मी त्याच स्टुलावर बसले. वाजवणं सोडलं. माझ्याबद्दलची एवढी मोठी बातमी, आणि मला सोडून सगळ्यांना ठाऊक.

"पोट परत लावता येईल?" मी विचारलं.

"तुकडा चिकटवता येईल. पण शनिवारपर्यंत नाही, आणि ती मान पुन्हा तुमच्या ओळखीची वाटेल का, ते मी सांगू शकत नाही." मग हळूच म्हणाला, "मला एक फोन करायला हवा होता, ताई."

त्याचा काय दोष? त्याच्यापुढे जो हात ठेवला, त्या हाताची मान त्याने केली. आणि कामही सुरेख केलं होतं. केसाने गळा कापणं म्हणतात, ते माझ्या बहिणीने केलं होतं, फक्त केसाऐवजी कानस वापरून. मी त्याची माफी मागितली आणि तडक धाकटीचं घर गाठलं.

ती शनिवारच्या कपड्यांना इस्त्री करत होती. माझं तोंड पाहिलं आणि समजली.

"तुला कसं सांगावं कळेना, ताई."

"तोंड होतं की. ज्याने गातेस, त्यानेच सांगायचं."

"तू वाजवताना कळवळतेस. समोरच्यांना दिसतं. मागच्या वेळी तार नीट दाबली गेली नाही, मी वर आवाज लावून सावरलं. तुला सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस?"

नसतं ऐकलं. भांडले असते, रडले असते, पण ते माझं भांडण झालं असतं. तिने मला तेवढंही करू दिलं नव्हतं.

"आणि मी काही आधीपासून ठरवून गेले नव्हते," ती इस्त्री फिरवत म्हणाली. "आधी तुझाच साचा दाखवला त्या कारागिरांना. ते म्हणाले, या अंगठ्याने वाजवणं जमायचं नाही. मग मी तरी काय करणार? दुसऱ्या दिवशी तिला नेलं."

मी विश्वास ठेवला. खरं सांगते, क्षणभर ठेवला, कारण मला तो ठेवायचा होता. दोष अंगठ्याचा असेल तर बहिणीचा नव्हता. अंगठा मी सोसला असता.

"टाकून नाही दिला तुझा साचा," धाकटी म्हणाली. तिचा स्वर आता मऊ झाला होता. "जपून ठेवलाय, बघ." पर्समधून माझा रुमाल काढून तिने माझ्या हातात दिला.

रुमालाला माझी गाठ होती. टोक आत खोचलेलं, जसं मी खोचलं होतं तसं. ही गाठ एकदा सुटली की पुन्हा तशी मारणं माझ्याशिवाय कुणाला जमत नाही. धाकटीला तर मुळीच नाही, तिच्या तंबोऱ्याची तार तुटली तरी बांधायला मीच लागते.

मी गाठीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तिनेही गाठ पाहिली आणि कपड्याची एकच बाही पुन्हा पुन्हा इस्त्री करू लागली.

मी गाठ सोडली. माती पांढरट सुकली होती. मी साचा डाव्या हातात धरला. बोटं खाचांत गेली, अंगठा पोटावर टेकला. बरोब्बर बसला. मी दाबून पाहिलं, आणखी दाबून पाहिलं. दुखलं नाही.

"तुझ्यासाठी पहिल्या रांगेतली खुर्ची ठेवलीय," धाकटी खाली बघत म्हणाली. "येशील ना? आणि गिटार... ती तशीही आता तिच्या हाताची झालीय."

"शेंगेला पाठव, घेऊन जाईल," मी म्हटलं. "पहिल्या रांगेत दोन खुर्च्या ठेव मात्र."

"दोन? दुसरी कुणाला?"

"तुला. आज ना उद्या लागेल. शेंग गाते, ऐकलंयस का कधी?"

धाकटीने इस्त्री उभी केली. "म्हणजे?"

मी साचा रुमालात ठेवला आणि गाठ मारली.