चव कोण बघणार?

नाताळ तोंडावर आला की आमच्या घरात मला दोनच कामं उरतात. ट्रे डोक्यावर घेऊन भट्टीवर जायचं आणि बाकी वेळ कुणाच्या पायात यायचं नाही. बायको इन्साफ आणि दोन्ही सुना स्वयंपाकघराचा ताबा घेतात. मैदा पोत्याने येतो, तूप डब्यांनी येतं, आणि आख्ख्या गल्लीला, चर्चला, सोयऱ्याधायऱ्यांना पुरतील एवढी कहक बिस्किटं घडायला लागतात. गंमत अशी की हा तुपाचा डोंगर आम्ही उपासात रचतो. नाताळाआधीचे त्रेचाळीस दिवस आम्हा इजिप्तच्या कॉप्ट ख्रिस्ती लोकांना तूप नाही, दूध नाही, अंडं नाही. घरभर तुपाचा घमघमाट आणि ताटात उकडलेलं कडधान्य. हे असं का, असं विचारण्याची माझी हिंमत आजवर झालेली नाही.

मग चव कोण बघणार? समोरच्या उम्म सालेह. त्या मुसलमान, त्यांना आमचा उपास कुठला! पहिला ट्रे भट्टीतून आला की ओढणी सावरत यायच्या, स्टुलावर बसायच्या, तुकडा तोंडात टाकून डोळे मिटायच्या. आम्ही सगळे निकाल लागायचा असल्यासारखे त्यांच्या तोंडाकडे बघत उभे. "तूप कमी पडलंय, इन्साफ. उरलेलं माहेरी पाठवलंस की काय?" असं काहीतरी बोलल्याशिवाय त्यांचं समाधान व्हायचं नाही. इन्साफ वरवर चिडायची आणि त्यांच्या घरचा ट्रे सगळ्यांत आधी भरायची.

यंदा त्या येणार नव्हत्या. नोव्हेंबरात त्यांचे यजमान हाजी बय्यूमी वारले आणि त्या विधवेच्या इद्दतीत बसल्या. मुलगा कुवेतहून आला, माती देऊन परत गेला. आता चार महिने दहा दिवस घरातच राहायचं, आणि घरात दुसरं माणूस नाही. त्यात आमच्या मल्लावी गावात, ख्रिस्ती असो की मुसलमान, दुखवट्याच्या घरी कुणी कहक नेत नाही. ती सणाची वस्तू. म्हणून सगळ्यांनी रीतीला धरून चार दिवस बसून सांत्वन केलं आणि रीतीला धरूनच त्या दाराकडे पाठ फिरवली.

सगळ्यांनी म्हणजे माझी थोरली बहीण सोडून. फायकाताई आमच्याच घरी वरच्या मजल्यावर राहते. उपासाच्या बाबतीत इतकी कडक बाई मी पाहिलेली नाही. एकदा टायफॉइडने अंथरुणाला खिळली होती. डॉक्टर दूध घ्या म्हणाला, तर तिने डॉक्टरच बदलला. पीठ मळावं तर तिनेच. पण यंदा सण चार दिवसांवर आला तरी तिचा पाय घरात ठरेना. उठली की समोर.

"वन्सं, एवढा पसारा पडलाय आणि तुम्ही तिकडे जाऊन बसता," इन्साफ शेवटी बोललीच. "तिथे करता तरी काय?"

"बसते."

"नुसत्या?"

"ती जेवत नाही गं. चहात पाव बुडवते आणि तोही तसाच ठेवते. भांडं घासून पालथं घातलंय, चूल थंड. मी गेले की म्हणते, जेवले मी. खोटं बोलते."

"मग मुलाला कळवा. आपण काय करणार? सणाचं एवढं काम आहे."

"बेथलेहेममधली माणसं तरी कुठे वाईट होती?" ताई पायात चपला सरकवत म्हणाली. "पाहुणे आले असतील, चुली पेटल्या असतील. कामात होती बिचारी. दिवस भरलेल्या मरियेला जागा कुठून देणार?"

इन्साफने माझ्याकडे पाहिलं. मी ट्रे पुसायला घेतला. नणंद-भावजयीच्या मध्ये पडायचं नाही एवढं शहाणपण मला लग्नानंतर पहिल्या महिन्यातच आलं होतं.

दुसऱ्या दिवशी ताईची वाट न पाहता पीठ मळलं गेलं. स्वयंपाकघर म्हणजे बाजार झाला होता. एकीचा फोन चालू, दुसरी चिमट्याने नक्षी काढतेय, इन्साफ दोघींवर ओरडतेय. पहिला ट्रे मी भाजून आणला. रंग असा सुरेख की उपास नसता तर चार तिथल्या तिथे संपवली असती. आता सगळे थांबले. स्टूल रिकामं होतं.

"कोपऱ्यावरच्या न्हाव्याला देऊ का एक?" धाकटी सून म्हणाली.

"न्हाव्याला काय कळतंय?" ताई दारातून आत आली. तिने बशी घेतली, बशीत दोन बिस्किटं ठेवली. "नाशिद, चल माझ्याबरोबर."

इन्साफ आडवी आली. "वन्सं, दुखवट्याच्या घरात कहक? लोक काय म्हणतील? उम्म सालेहला काय वाटेल?"

"सण करायला नाही नेत. विचारायला नेतेय. तिच्याशिवाय कुणाला विचारलंय आजवर?"

मी निमूटपणे निघालो. खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती. बय्यूमीच्या मयतीच्या त्या चार दिवसांनंतर मीही त्या घरात गेलो नव्हतो.

उम्म सालेह खिडकीशी बसल्या होत्या. मी ओळखलं नाही असं म्हणणार नाही, पण ओळखायला वेळ लागला. गाल बसले होते, बांगड्या कोपरापर्यंत सरकतील असे हात झाले होते. बशी पाहिली आणि त्यांचा चेहरा आक्रसला.

"फायका, हे काय आणलंस?"

"पहिला ट्रे. सांग कसा झालाय."

"आता मला कसली चव कळतेय? घेऊन जा."

"एक तुकडा."

"एकटीला घास उतरत नाही गं," त्या म्हणाल्या. "आयुष्यभर त्यांच्यासमोर बसून जेवले. आता समोर भिंत आहे." मग थकल्यासारखं हसून त्यांनी बशी ताईकडे सरकवली. "तू खा माझ्याबरोबर, मग मी खाते."

बाई हुशार. फायका उपासात तुपाला बोट लावणार नाही हे आख्ख्या गल्लीला ठाऊक. दार बंद करायची ही सभ्य रीत होती. मी बशी उचलायला हातही पुढे केला.

ताईने माझा हात बाजूला सारला. ती उम्म सालेहसमोर जमिनीवर बसली, भिंत जिथे दिसत होती बरोबर तिथे. कपाळापासून छातीपर्यंत क्रूस काढला, बिस्किट उचललं आणि सरळ अर्धं तोंडात टाकलं. नाताळ तीन दिवसांवर, त्रेचाळीसातले चाळीस दिवस काढलेले, आणि ही बाई माझ्यादेखत तूप चावत होती. आता ती प्रसाद कसा घेणार, नाताळाच्या प्रार्थनेत सगळे वेदीपाशी जातील तेव्हा ही बाकावर बसून राहणार का, हे सगळं माझ्या डोक्यात एकदम गरगरलं. तिच्या डोक्यात काही गरगरल्याचं दिसलं नाही.

उम्म सालेह बघतच राहिल्या. "अगं, तुझा उपास!"

"तू बोललीस, मी खाल्लं. आता तुझी पाळी. शब्द फिरवायचा नाही."

त्यांनी दुसरं बिस्किट मोडलं. तुकडा तोंडात गेला. त्यांनी डोळे मिटले, सवयीने. चावता चावता भुवया वर चढल्या. ताईचं तोंड मघाशीच वाकडं झालं होतं, पण ती बोलली नव्हती.

"मीठ कुणी घातलं?" उम्म सालेह म्हणाल्या.

"मी तर तिथे नव्हते."

"म्हणून तर! समुद्र ओतलाय यात! फायका, हे तू लोकांना वाटणार होतीस? पाद्रीबाबांना?" आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता रडायला लागल्या, रडता रडता उरलेलं बिस्किट खाऊन मोकळ्या झाल्या, आणि मग मला दटावलं, "उभा काय राहिलास? जा, पीठ घेऊन ये. सगळं. मी बाहेर पडू शकत नाही, परात येऊ शकते."

घरी जाऊन विचारलं तेव्हा उलगडा झाला. इन्साफने मीठ घातलं होतं. थोरलीने, सासूबाई विसरल्या असतील म्हणून घातलं. धाकटीने कुणाला न विचारता घातलं. उपासामुळे जिभेला लावून बघायची कुणाची छाती नव्हती. इन्साफ कपाळाला हात लावून बसली. मग मी ताईने खाल्ल्याचं सांगितलं आणि ती कपाळावरचा हात काढायलाच विसरली.

"खाल्लं? वन्संनी?"

"अर्धं एका घासात."

इन्साफ उठली, परात कमरेवर घेतली आणि स्वतः गल्ली ओलांडून गेली. मागून सुना मैदा नि तूप घेऊन. बिनमिठाचं नवं पीठ मळून जुन्यात मिसळायचं ठरलं. उम्म सालेहनी चूल पेटवली, बाह्या वर केल्या.

"जो आला तो धीर धर म्हणून गेला," पिठात मुठी दाबत त्या म्हणाल्या. "काहीतरी मागायला आलेली ही पहिलीच."

इन्साफने मान खाली घातली आणि मळत राहिली. दुपारी पाचही बायकांनी एकाच ताटाभोवती बसून खाल्लं. कडधान्य आणि पाव. उम्म सालेहनी दोनदा वाढून घेतलं, हे इन्साफने मला नंतर चारदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ताई चर्चमध्ये गेली, मी सोबत. आमचे पाद्री, अबूना मक्सिमोस, अंगणात दिव्यांच्या माळांच्या गुंत्यात अडकले होते. खुर्च्यांचा टेम्पो दारात, माईकवाला कानाशी.

"अबूना, मला कबुली द्यायची आहे."

"फायका, संध्याकाळी ये. बघतेस ना?"

"चोरून सांगण्यासारखं नाही, इथेच सांगते. मी उपास मोडला. तुपाची कहक खाल्ली."

माळ त्यांच्या हातातून सुटली. ताईबद्दल असं काही ऐकायची कुणाला सवय नव्हती. तिने उम्म सालेहची सगळी हकीकत सांगितली, न रडता, न सजवता. "प्रसाद घेता येणार नसेल तर मागे बसेन. पण पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा खाईन, म्हणून पश्चात्ताप झाला असं खोटं सांगत नाही."

अबूना तिच्याकडे वळले.

"ती जेवली का?"

"जेवली. काल दुपारी, आणि आज सकाळीही."

त्यांनी पायातली माळ सोडवली, बाजूला ठेवली. "नाताळाला प्रसादासाठी सगळ्यांच्या पुढे तू उभी राहा," ते म्हणाले. मग माईकवाल्याला थांब म्हणून खूण केली आणि डोक्यावरची टोपी सारखी करत दाराकडे निघाले. "आणि आधी मला तिच्या घरी ने. बय्यूमीच्या मयतीनंतर मीसुद्धा गेलेलो नाही."